पाहुण्याचं मोडकं शिंग

सोमवार, ६ जानेवारी २०२५

गहिनीनाथ यांस,

नमस्कार लिहिते, कारण अंगणवाडीत बावीस वर्षं पोरांना तेच शिकवलं. मनापासून आलाय असं समजू नका.

फोनच करणार होते, पण तुमचा फोन इथे फळीवर पडलाय, तंबाखूच्या डबीशेजारी. माणूस रुसून बहिणीकडे जातो, हे एक वेळ समजू शकते. पण बायकोचा आवाज ऐकायला नको म्हणून फोन घरी ठेवून जातो, हे साठी उलटलेल्या माणसाला शोभतं का? वन्संच्या फोनवर दोनदा लावला. दोन्ही वेळा माधुरीवन्सं म्हणाल्या, "वहिनी, दादा बोलत न्हाई. बांधावर जाऊन बसलाय." बसा. कोपरगावात बांधावर बसायला माणसं कमी पडली होती ना! म्हणून हे पत्र. वन्संना सांगितलंय की नाही वाचलं तर मोठ्यानं वाचून दाखवा.

कारण एकच आहे. तुमचा पाहुणा.

पाच वर्षांपूर्वी हरणीला कुत्र्यांनी फाडल्यावर तिचं पाडस तुम्ही उपरण्यात गुंडाळून घरी आणलंत. काय म्हणाला होता आठवतंय? "कले, चार दिसाचा पाव्हना हाय. पायावर हुबा ऱ्हायला की रानात सोडतो." मी तेव्हाच म्हटलं होतं, फॉरेस्टवाल्यांना कळवा, हरीण पाळणं गुन्हा आहे. तुम्ही ऐकलं नाही. शेळीच्या दुधावर वाढवलात, चुलीपाशी निजवलात, आणि चार दिवसांचा पाहुणा पाच वर्षं राहिला. आता तो पाठीवर काळा कुळकुळीत झालेला थोराड नर आहे. मधली दोन वर्षं तो रानात कळपातही राहून आला, ते खरं. पण पोळ्याला त्याचं उजवं शिंग मुळापासून चार बोटांवर मोडलं आणि तेव्हापासून त्याला कुठलाच कळप उभा करत नाही. दुसरे नर त्याला हाणून लावतात. मग तो येतो आपल्या वस्तीवर, आणि रानात ज्यांच्याशी झुंजायचं त्यांचा राग आपल्यावर काढतो. माणसाच्या हाताखाली वाढलेलं जनावर. त्याला माणसाची भीतीच नाही.

शेजारच्या बनुबाईचं तुम्ही पाहिलंच. बिचारी पाठमोरी वाकून शेळ्यांना घास कापत होती. राहिलेलं एक शिंग मांडीत घुसलं. चौदा टाके. दवाखान्यात तिच्या पोरानं, वाल्मिकनं सांगितलं की बैलानं मारलं. आपल्यासाठी तो डॉक्टरशी खोटं बोलला. आणि त्या संध्याकाळी अंगणात दहा माणसांसमोर मी म्हटलं, "त्या जनावराला गोळी घाला, न्हाईतर मला घाला." म्हटलं ते म्हटलं. तुम्ही काय केलंत? दोन सदरे पिशवीत घातलेत आणि एसटी धरलीत. उत्तर देणं म्हणजे हे नव्हे.

तर आता ऐका. बंदूक तुमच्या नावाची. रानडुकरं मारायचा परवाना तुमच्या नावाचा. वाल्मिक म्हणतो, "काकू, डुकरावर झाडली आन् मधी हरीन आलं, आसं सांगू. कोन इचारतंय?" फॉरेस्टवाल्यांना कळवावं तर ते पहिलं विचारणार, पाळला कोणी? मग तुम्ही आत. काहीच करू नये तर पुढच्या वेळी शिंग मांडीत लागेल की पोटात, हे तो मला विचारून ठरवणार नाही.

मारायचा की नाही, एवढं लिहून कळवा. संक्रांतीपर्यंत. हो किंवा नाही. तुम्हाला जास्त शब्द जड जातात म्हणून दोनच ठेवलेत.

कला

मंगळवार, १४ जानेवारी, संक्रांत

गहिनीनाथ यांस,

आज वस्तीवर सगळ्यांना तीळगूळ दिला. तुम्हाला पाठवत नाही. जो माणूस बोलतच नाही त्याला गोड बोल काय सांगायचं?

तुमचं उत्तर नाही. पत्र पोचलं, वन्संनी सांगितलं. वाचून दाखवलं तेव्हा तुम्ही म्हशीला पाणी दाखवायला उठून गेलात म्हणे. तिकडच्या म्हशीची फार काळजी.

इकडचं सांगते. डेअरीचा दूधवाला आता वस्तीवर येत नाही. गुरुवारी पाहुणा त्याच्या मोटरसायकलच्या मागे लागला, तो पडला, दोन कॅन दूध ओढ्यात गेलं. तेव्हापासून मीच डोक्यावर कॅन घेऊन डांबरी रस्त्यापर्यंत जाते, एका हातात काठी. शाळेची पोरं ओढ्याच्या वाटेनं जात नाहीत, दीड मैल वळसा घालतात. बनुबाई बाजेवर पडून आहे. मी भाकरी घेऊन जाते, तर म्हणते, "कले, गहिनीभाऊ आलं का गं? त्येंला म्हनावं माजा राग न्हाई." तिचा राग नाही म्हणे. माझा आहे. तिच्या वाटचाही मीच करते.

वाल्मिकनं मला रविवारपर्यंत मुदत दिली. त्याचा आवाज चढलेला नव्हता, तेच मला जास्त लागलं. म्हणाला, "काकू, तुमचं मानूस न्हाई घरात म्हनून थांबलो. रविवारनंतर मी थांबनार न्हाई. बंदूक दिली तर बरं, न्हाईतर पोरं फास लावत्याल." फास म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. क्लचवायरचा. जनावर दोन दोन दिवस मरत नाही त्यात.

म्हणून काल ट्रंक उघडली. निवडणुकीच्या वेळी ठाण्यात जमा केलेली बंदूक तुम्ही डिसेंबरात आणलीत आणि तशीच टाकलीत. नळीत गंज धरायला लागला होता. पुसली, तेल दिलं. काडतुसं सहा आहेत. डुकरांनी भुईमूग उकरला त्या वर्षी तुम्हीच मला बांधावर उभं करून शिकवलं होतं, खांद्याला घट्ट धर, श्वास सोड आणि मग ओढ. तेव्हा वाटलं होतं हवेत बार काढण्यापुरतं आहे.

तुम्ही मनात म्हणत असाल, शिंग मोडलं नसतं तर असं झालंच नसतं. मोडलं खरं. तारेत अडकून मोडलं. जनावरांची शिंगं तारेत अडकतात, त्याला कोण काय करणार? माझ्यावर ढकलू नका. मी इथे एकटी आहे आणि ज्याचं जनावर तो तिकडे उसाला पाणी देतोय.

तुमच्या बीपीच्या गोळ्या इथेच राहिल्यात. वन्संना सांगून तिकडच्या मेडिकलमधून घ्या. रुसव्यात गोळ्या चुकवू नका, त्याचा मला काही त्रास होत नाही, तुम्हालाच होतो.

रविवारच्या आत कळवा.

कला

सोमवार, २० जानेवारी

गहिनीनाथ यांस,

तुमचं कार्ड शनिवारी मिळालं. पोस्टमननं आधी वाचलं, मग दिलं. तीन ओळी.

"पाहुण्याला गोळी घालू नये. तार मी लावली होती, शिंग माझ्यामुळे मोडलं. लोकांसमोर तोंड दाखवायला जागा नाही म्हणून आलो, तुझ्यावर राग नाही."

मी ते कार्ड पिठाच्या डब्यावर ठेवलं आणि भाकऱ्या करत राहिले. दोन करपल्या. मग तुमच्यावर इतकी चिडले की काय सांगू. तुमच्या या असल्या चांगुलपणानं माणसाला जगणं नको होतं. पंधरा दिवस मी तुमच्यावर ओरडतेय, आणि तुम्ही तिकडे बसून तारेचा दोष स्वतःच्या डोक्यावर घेताय.

काय झालं ते आता सगळं सांगते. मधेच म्हशीला पाणी दाखवायला उठू नका.

काल रविवार. वाल्मिक यायच्या आत मीच बंदूक घेऊन निघाले. म्हटलं, मारायचाच तर फासात तडफडून नको, आणि दुसऱ्या कोणाच्या हातानंही नको. उजाडलं होतं. ज्वारी हुरड्यात आहे, दाणा भरलाय. बांधावरच्या बाभळीच्या आडोशाला बसले. तो तिसऱ्या पट्टीत उभा होता, साठ-सत्तर पावलांवर, माझ्याकडे बाजू करून. यापेक्षा सोपा नेम मिळणार नाही असा. मी दस्ता खांद्याला लावला, श्वास सोडला.

तो चरत नव्हता. मान एका बाजूला वाकडी करून मोडक्या शिंगाचा खुंट लाकडाला घासत होता, आपण जुन्या कुंपणाचा खांब ठेवलाय ना तिथे. घासायचा, थांबायचा, डोकं झाडायचा, परत घासायचा. माशा उठत होत्या. एवढ्या लांबून मला माशा दिसल्या. म्हातारं माणूस दाढ दुखते तेव्हा जसं गाल धरून बसतं, तसा तो उभा होता. मी बोट काढलं. परत ठेवलं. परत काढलं. तुमच्यासारखी मी हळवी नाही, दर दसऱ्याला आपल्याकडे बोकड पडतो आणि मीच रटरटा शिजवते. पण हे मला जमेना, आणि का जमेना ते मला ठाऊक होतं.

शिंग तारेत अडकून मोडलेलं नाही. मी मोडलं.

तुम्ही वन्संच्या सासऱ्यांच्या दहाव्याला गेला होता, पोळ्याच्या आधी. त्या दिवशी रंभाजी बैलांची शिंगं साळायला आला होता. बैल पाडले, पाय बांधले, तासून शिंगं गुळगुळीत केली. त्या दिवसांत पाहुणा रोज सकाळी गोठ्यात यायचा, आणि आदल्या आठवड्यात त्यानं माझं लुगडं दोनदा फाडलं होतं. म्हटलं, याचीही टोकं साळून घेऊ, बोथट झाली म्हणजे भीती नाही. रंभाजी म्हणाला, "बाई, बैलाचं शिंग येगळं, ह्येचं येगळं. ह्यो पडून राह्यनार न्हाई." मी म्हटलं, "शिंग ते शिंग. तू तुझं काम कर." तुम्हाला माझा तो आवाज माहीत आहे. रंभाजीनं ऐकलं.

दोन गडी आणि रंभाजी, तिघांनी शिंगांना कासरा टाकला, बैलाला टाकतात तसा. बैल खाली बसतो. हा वर उडाला. एकदाच काडकन वाजलं आणि रंभाजीचा सदरा रक्तानं भरला. शिंग कासऱ्यातच राहिलं. मी हळद दाबली, लुगड्याचा काठ फाडून बांधला, तर तो तसाच रानात पळाला. मग मी रंभाजीला आणि गड्यांना शपथ घातली, आणि ते मोडलेलं शिंग नेऊन कुंपणाच्या काटेरी तारेत अडकवलं. तुम्हाला सापडेल असं.

तुम्हाला सापडलं. आणि तुम्ही काय केलंत, तर दोन दिवस राबून ओढ्याच्या बाजूची सगळी तार स्वतःच्या हातानं काढलीत. हात फाटले. तार गेल्यावर डुकरं आत आली, मका झोपवला, त्यावरूनही मी तुम्हालाच बोलले. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. तेव्हा बोलायला हवं होतं. तेव्हा तुम्ही भांडला असतात तर माझ्या तोंडून निघून गेलं असतं.

पाच महिने मी हे गिळून बसले. बनुबाईला शिंग लागलं तेव्हा अंगणात मी एवढी का ओरडले, ते आता कळलं असेल. तो मेला असता तर कोणी कधी विचारलं नसतं. तुम्ही नाही, बनुबाई नाही. म्हणून मला तो मरायला हवा होता.

बंदूक परत ट्रंकेत ठेवलीय. वाल्मिक आला तेव्हा त्याला हे सगळं सांगितलं, तुमच्या आधी. तो उंबऱ्यात बसला. म्हणाला, "काकू, मंगळवारपर्यंत कायतरी करा." चांगला आहे पोरगा.

उद्या मी कर्जतला फॉरेस्ट हापिसात जाते. तुमच्या हो-नाहीची आता गरज नाही.

कला

शुक्रवार, २४ जानेवारी

अहो,

घाईत लिहितेय, टपालाची गाडी चारला निघते.

मंगळवारी गेले होते. तिथे दिशा नावाची वनरक्षक आहे, आपल्या पुतणीएवढी पोरगी, पण प्रश्न विचारते सासूसारखे. तिनं पुण्याहून जनावरांचे डॉक्टर बोलावले, ते बुधवारी आले. डॉक्टर म्हणाले, हरीण घाबरून पळत सुटलं की छाती फुटून मरतं, मोकळ्या रानात बेशुद्धीचं इंजेक्शन मारलं तरी ते लागेपर्यंत पळतं आणि पडतं. अंधाऱ्या बंद जागेत आलं तर जगण्याची शक्यता. पण आणायचं कसं? हाकून आणता येत नाही, जाळं लावता येत नाही. दिशा म्हणाली, "कुणाच्या हाकेला येतो का?"

येतो. तुमच्या. तुम्ही असतात तर नुसतं "ये पाव्हन्या" म्हटलं असतं आणि तो शेपूट हलवत आला असता. त्या क्षणी मला तुमचा इतका राग आला की डॉक्टरांसमोर रडले.

मग माझ्या डोक्यात आलं. तुमच्या हाकेला तो येतो, तसा मला बघून धावून येतो. कासरा टाकायला कोणी लावलं, ते त्याच्या लक्षात आहे. दिशा नको नको म्हणत होती. मी वाडग्यातल्या शेळ्या बाहेर काढल्या, वरून ताडपत्री टाकून अंधार केला, मागच्या बाजूच्या दोन फळ्या सैल केल्या आणि वाडग्याच्या दारात उभी राहिले. दुपारचे तीन. तो ओढ्याकडून आला, मला बघितलं, डोकं खाली घातलं. मी आत पळाले. आपल्या वयाचं माणूस किती पळणार? फळीतून अर्धी बाहेर पडले तेवढ्यात मागून कंबरेवर दणका बसला. मोडक्या बाजूचा बसला म्हणून वाचले. वाल्मिकनं मला ओढून फळ्या दाबल्या आणि दिशानं पुढचं दार लावलं. कंबर काळीनिळी झालीय. भाकरी थापायला बसता येत नाही. एवढंच.

तो झोपल्यावर डॉक्टरांनी मला आत बोलावलं. खुंट साफ केला तर वाटीभर पू निघाला, आणि अळ्या. म्हणाले, "हे आतून डोक्यापर्यंत गेलंय. पाच महिने ठणकत असणार. असं डोकं घेऊन माणूससुद्धा चावत सुटेल." मी त्याच्या मानेला हात लावला. पाच महिन्यांत पहिल्यांदा.

त्याला उपचारांच्या ठिकाणी नेलंय. वाचेल बहुतेक. पण रानात नाही सोडणार. माणसाच्या अंगाखांद्यावर वाढलेला नर परत रानाचा होत नाही म्हणाले, आता सगळा जन्म जाळीच्या आत. त्यातला अर्धा दोष तुमचा आणि अर्धा माझा. यात मात्र तुम्हाला सोडत नाही.

मग जबाब. दिशानं विचारलं, पाळला कोणी? मी म्हटलं, मी. शिंग कोणी मोडलं? मी. "आणि घरातले मालक?" मी म्हटलं, "त्यांचा काय संबंध? ते असतात बहिणीकडे." तिनं माझ्याकडे नुसतं बघितलं आणि लिहिलं. बनुबाईनंही बाजेवरून तेच सांगितलं, कलीनंच पाळला म्हणून. चार पानांवर सह्या केल्या. केस होणार. तुमचं नाव कुठेही नाही, आणि तुम्ही शहाणपणा करून घालूही नका. कोर्टात उभं राहून "साहेब, मीच पाळला" असलं काही काढलंत तर मी तिथेच भांडेन.

गुरुवारी, ३० तारखेला, सकाळी अकराला कोर्टात हजर व्हायचंय. जामीनदार लागतो, ज्याच्या नावावर जमीन आहे असा. माझ्या नावावर या घरात एक गुंठासुद्धा नाही, हे वकिलानं विचारल्यावर माझ्या पहिल्यांदा लक्षात आलं. त्याबद्दल आपण नंतर बोलू. वाल्मिक म्हणाला, "काकू, माजा सातबारा घिऊन येतो, काळजी करू नका." त्याच्या आईच्या मांडीत शिंग घुसलं आणि तो मला जामीन राहतोय. मी त्याला नाही म्हटलं.

आधार कार्ड बरोबर असेलच. सातबारा तलाठ्याकडून काढून ठेवलाय, त्यावर फक्त तुमची सही हवी. लोकांना तोंड कसं दाखवू, असं लिहिलं होतंत ना? आता लोक तुमच्याकडे बघणार नाहीत, माझ्याकडे बघतील. मी एकटी उभी राहू शकते, पण मला राहायचं नाही. मला भीती वाटतेय. बुधवारच्या मुक्कामी गाडीनं या.

कला